काकांच्या भिंतीवरचा मुहम्मद अली पाशा

काका आमच्या जुन्या सोसायटीतले. आयुष्यभर मालवाहू बोटींवर इंजिनिअर होते. 1986 साली त्यांची बोट इंग्लंडमधल्या एका बंदरात दुरुस्तीला अडकली, तेव्हा जुन्या चित्रांच्या एका दुकानातून त्यांनी पगारातले बरेच पैसे मोडून एक चित्र घेतलं. राजवाड्याची बैठक, गादीवर पांढऱ्या दाढीचा पाशा, म्हणजे इजिप्तचा सत्ताधीश मुहम्मद अली, समोर युरोपियन पाहुणे, आणि खिडकीतून दिसणारं बंदर. बंदर होतं म्हणूनच घेतलं, असं ते सांगतात. मागे दुकानदाराची चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिचा मजकूर मराठीत असा होईल: डेव्हिड रॉबर्ट्स, मूळ लिथोग्राफ, त्या काळीच हाताने रंगवलेला. लिथोग्राफ म्हणजे शिळाछाप, दगडावरून छापलेलं चित्र.

यंदा त्यांना ते नातीला द्यायचं होतं. मी कागदावरच्या जुन्या चित्रांच्या डागडुजीचं काम करते, म्हणून फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळून ते स्वतः रिक्षाने घेऊन आले. म्हणाले, "बघ गं, खरं आहे ना? रंग त्या काळचेच आहेत ना? पोरीला देताना मला खोटं बोलायचं नाही."

प्रश्न दोन होते, आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी निघाली.

आधी हे चित्र काय आहे ते सांगते. डेव्हिड रॉबर्ट्स हा एडिंबराजवळच्या स्टॉकब्रिजमधल्या एका चांभाराचा मुलगा, जन्म 1796 चा. घरं रंगवण्याची उमेदवारी केली, मग नाटकांचे पडदे रंगवले, आणि तिथून मोठा चित्रकार झाला. 1838 च्या ऑगस्टमध्ये तो लंडनहून निघाला आणि सप्टेंबरात अलेक्झांड्रियाला उतरला. नाईलवरून थेट अबू सिंबेलपर्यंत गेला, कैरोत राहिला, फेब्रुवारी 1839 मध्ये उंटांच्या तांड्याबरोबर सिनाई ओलांडून पेट्रा, जेरुसलेम, बालबेकपर्यंत पोचला. कैरोच्या मशिदींत बसून चित्रं काढायची परवानगी त्याला मिळाली, ती दोन अटींवर: पोशाख तुर्की हवा आणि डुकराच्या केसांचा ब्रश वापरायचा नाही. परत येताना त्याच्याजवळ 272 रेखाटनं होती. इंग्लंडमध्ये हे छापायला मोठे प्रकाशक कचरले. शेवटी फ्रान्सिस ग्रॅहॅम मून तयार झाला, चित्रं वापरण्याच्या हक्कासाठी त्याने रॉबर्ट्सला 3000 पौंड दिले आणि 1842 ते 1849 या काळात वर्गणीदारांना हप्त्याहप्त्याने 247 चित्रं पोचवली. वर्गणीदारांत राणी व्हिक्टोरियाही होती.

दगडावर चित्रं उतरवली ती मात्र लुई हाग याने. तो मूळचा बेल्जियममधल्या तुर्ने गावचा. उजवा हात जन्मतः अधू, म्हणून सगळं काम डाव्या हाताने. शिळाछापाची रीत मराठी वाचकाला परकी नाही. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत पंचांग छापलं ते याच रीतीने, आणि आपल्या घरांतून अजून सापडणाऱ्या कित्येक पोथ्या शिळाप्रेसच्याच आहेत. दगडावर मेणचट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाई फिरवायची. तेल तेलाला धरतं, पाणी शाईला झिडकारतं. छापताना डावं-उजवं उलटतं, म्हणून दगडावर सगळं आरशातल्यासारखं उलट काढावं लागतं. हागने शेकडो चित्रं अशी उलटी काढली, आणि माणसांचे चेहरे, दगडी कोरीवकाम, पाण्यातली प्रतिबिंबं यांत कुठे हात अडखळलेला दिसत नाही. माझ्या मते या संचाचं अर्धं श्रेय त्याचं आहे. फ्रेमखालच्या पाट्यांवर त्याचं नाव बहुतेक वेळा येतच नाही, ते मला दर वेळी खटकतं.

आता फ्रेम उघडली तेव्हाचं. मागे हार्डबोर्ड, गंजलेल्या चुका, कुठल्याशा इंग्रजी वर्तमानपत्राची पट्टी. काचेआड चौकोनी खिडकी कापलेलं पुठ्ठ्याचं माउंट. पुठ्ठा आम्लयुक्त होता, त्याच्या कडेने कागदावर तपकिरी रेघ जळल्यासारखी उमटली होती. अशी रेघ जुन्या फ्रेममध्ये नेहमीच सापडते आणि ती पुष्कळ बोलते. हिने तर सगळंच सांगितलं, पण ते मला थोड्या वेळाने कळलं.

पहिला प्रश्न छापाचा. कागद मोजला. साधारण 60 बाय 43 सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या आवृत्तीचा. खालच्या समासात शीर्षक शाबूत, प्रकाशक मूनचं नाव आणि त्याचा थ्रेडनीडल स्ट्रीटवरचा पत्ताही शाबूत. दहापट भिंग लावलं. काळी रेघ सलग नव्हती. दगडाच्या खरखरीत पृष्ठावर खडू जिथे टेकला तिथे शाई आणि जिथे खळगा तिथे कागद, अशी वेडीवाकडी दाणेदार रेघ. छायाचित्रावरून केलेल्या छपाईत एकसारख्या रांगेतले ठिपके दिसतात, ते इथे कुठेच नव्हते. काळ्याखाली वाळूच्या रंगाचा सपाट थर होता, तो वेगळ्या दगडावरचा. कपाळावर, फेट्याच्या घडीवर, पाण्याच्या चमकेवर त्या दुसऱ्या दगडावरचा रंग खरवडून काढलेला, म्हणून तिथे कोरा कागद उजेडासारखा दिसतो. एका कोपऱ्यात दोन दगडांची जुळणी केसभर सरकलेली होती. असली चूक पाहिली की मला फार बरं वाटतं, कारण तिथे दाब देणाऱ्या माणसाचा हात दिसतो.

त्यात इतिहासाची एक मदत होते. 1853 मध्ये या संचाचा उरलेला माल लिलावात निघाला आणि मोठ्या आवृत्तीचे दगड तिथेच फोडून टाकले, म्हणजे वर्गणीदारांच्या प्रतींची किंमत उतरू नये. पुढे 1855 पासून लहान आकाराची आवृत्ती निघाली, ती नव्या दगडांवरून. तेव्हा एवढा मोठा आणि दगडावरूनच छापलेला कागद 1853 च्या आधीचा. काकांना मी तिथल्या तिथे सांगितलं, "छाप खरा आहे काका. अगदी पहिल्या आवृत्तीचा."

ते खुर्चीत मागे टेकले. चहा मागितला.

दुसरा प्रश्न रंगाचा, आणि तो मला समास पाहिल्यापासूनच डाचत होता. या संचाच्या साध्या प्रती काळ्या आणि एकदोन फिक्या छटांत छापलेल्या असत. रंगवलेल्या प्रती महाग, आणि त्या मूळ जलरंगांसारख्या दिसाव्यात म्हणून समास कापून, चित्र तेवढं जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देत. इथे समास पूर्ण होता आणि पुठ्ठ्याचा मागमूस नव्हता. एवढ्यावर निकाल देता येत नाही, पण संशय घ्यायला ते पुरेसं होतं.

मग ती तपकिरी रेघ. माउंटची खिडकी चित्रापेक्षा जराशी लहान कापली होती, त्यामुळे चित्राची चारही बाजूंची तीन-चार मिलिमीटर पट्टी पुठ्ठ्याखाली झाकलेली होती. त्या पट्टीत रंग नव्हता. समुद्राचा निळा, गालिच्याचा लाल, भिंतीचा पिवळसर, सगळे त्या जळक्या रेघेपाशी येऊन थांबले होते. 1840 च्या दशकात लंडनमध्ये बसून रंगवणाऱ्याला पुढच्या शतकात कुणी कुठलं माउंट लावणार आहे हे ठाऊक असायचं कारण नाही. ज्याने रंगवलं त्याच्यासमोर हेच माउंट होतं.

पुरावा एवढ्यावर सोडला नाही. आकाशात तांबूस डाग पडले होते, ओल लागलेल्या जुन्या कागदाला पडतात तसे. निळा रंग त्या डागांवर आल्यावर गडद होऊन आत झिरपला होता. कागदाला दिलेली खळ जिथे मरते तिथे जलरंग टीपकागदावर पडल्यासारखा शोषला जातो. म्हणजे आधी डाग पडले, मग रंग लागला. शेवटी खोली अंधारी करून अतिनील टॉर्च मारला. कागद निळा चमकला नाही, जुन्या कागदाला साजेसंच. पण फेट्यावर आणि उशीवर दिलेला पांढरा रंग काळपट जांभळा दिसला. व्हिक्टोरियन चित्रकारांचा चिनी पांढरा म्हणजे जस्ताचा, विन्सर अँड न्यूटनने तो 1834 मध्ये बाजारात आणला, आणि तो अतिनील प्रकाशात पिवळसर हिरवा उजळतो. काळा पडतो तो टायटॅनियमचा पांढरा. चित्रकारांच्या डब्यात तो 1920 च्या आसपास आला.

छाप 1840 च्या दशकातला आणि रंग विसाव्या शतकातला, असा हा निकाल.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे फसवलं मला?" दुकानदाराला माहीत होतं की नव्हतं हे मला सांगता येणार नव्हतं. जुन्या साध्या छापांना उठाव यावा आणि ते विकले जावेत म्हणून रंग देण्याचा धंदा युरोपात पुष्कळ चालला, एवढं मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग धुऊन टाक तो रंग. जे खरं आहे तेवढं राहू दे."

या मागणीपाशी मी थांबले, आणि या प्रकरणातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथेच आहे. ते समजायला चित्रातल्या बैठकीकडे यावं लागेल.

ही बैठक घडलेली आहे. 12 मे 1839, अलेक्झांड्रियाचा रास एल-तीन राजवाडा. गादीवर इजिप्तचा सत्ताधीश मुहम्मद अली पाशा. समोर ब्रिटिश काँसल कर्नल कॅम्बेल, स्वतः रॉबर्ट्स, आणि थॉमस वॅगहॉर्न नावाचा एक हट्टी माणूस. पाशापुढे वही काढून बसणं शक्य नव्हतं, म्हणून रॉबर्ट्सने हे दृश्य नंतर आठवणीतून काढलं. तेव्हा पहिला थरच आठवणीचा. दुसरा हागच्या हाताचा, जो त्या खोलीत नव्हता. तिसरा, एरवी असता तर, लंडनमधल्या रंगवणाऱ्यांचा. त्या काळी छापांना रंग देण्याच्या कामशाळा असत, त्यात बायका आणि मुलंही रोजंदारीवर बसत, समोर नमुन्याची प्रत ठेवून एकजण निळा भरणार, दुसरी तपकिरी. त्यांच्यापैकी कुणी अलेक्झांड्रिया पाहिलेलं असण्याची शक्यता शून्याजवळ. आणि तरी बाजारात किंमत चढते ती 'हाताने रंगवलेले' या दोन शब्दांनी. पाहणाऱ्यालाही रंगच सर्वांत सच्चा वाटतो, कारण रंग आला की माणूस समोर बसल्यासारखा दिसतो. वास्तविक घटनेपासून सर्वांत दूरचा थर तोच. पाहुण्याचा कोट कुठल्या रंगाचा, गालिचा लाल की हिरवा, यातलं दगडावर काहीच नोंदवलेलं नाही.

काकांच्या प्रतीवर तर हा थर त्या बैठकीनंतर ऐंशी वर्षांहून अधिक काळाने चढलेला. त्याने काय केलं ते मी काकांना न रंगवलेल्या प्रतीचं छायाचित्र शेजारी ठेवून दाखवलं. हागने जमीन बरीचशी मोकळी ठेवली आहे. आमच्या अनोळखी रंगाऱ्याने तिथे गालिच्याची नक्षी स्वतःच्या मनाने भरली. खिडकीतला प्रकाश हागने फिका, समुद्रकाठच्या सकाळीसारखा ठेवला आहे. याने त्यात गडद निळा आणि केशरी ओतला. उशांना सोनेरी काठ दिले. एक कामकाजाची भेट त्याने अरबी सुरस गोष्टींतला दरबार करून टाकली. 'पूर्वेचं' चित्र विकत घेणाऱ्याला पूर्व कशी हवी असते, याचा त्याला नेमका अंदाज होता.

मूळ भेट मात्र अगदी हिशेबी कामाच्या माणसांची होती, आणि तिचा धागा मुंबईशी बांधलेला आहे. काकांचे डोळे इथे उजळले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, तो 1869 चा. विलायतेची डाक आफ्रिकेला वळसा घालून यायची, चार-सहा महिने लागायचे. वॅगहॉर्नचा ध्यास एकच होता: अलेक्झांड्रियाला उतरायचं, महमूदिया कालव्याने आणि नाईलने कैरो गाठायचं, वाळवंट ओलांडून सुएझ, आणि तिथून तांबड्या समुद्रातून मुंबई. या मार्गावरची पहिली वाफेची बोट मुंबईहून गेली. वाडिया मंडळींनी मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' 20 मार्च 1830 रोजी सुएझकडे निघाली. त्या बोटीला वाटेत कोळसा घेत घेत जावं लागलं. कोळशाच्या ठाण्यासाठी ज्या बंदरांवर नजर होती त्यात एडन होतं, आणि ते जानेवारी 1839 मध्ये मुंबई इलाख्यातून गेलेल्या फौजेने घेतलं. ही बैठक त्यानंतर चारच महिन्यांनी झालेली. पाशाच्या मर्जीशिवाय इजिप्तमधून एक पिशवीही पुढे जाणार नव्हती.

काका एकदम म्हणाले, "मी त्या कालव्यातून किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही. पण कालव्याच्या आधी डाक कशी यायची, हा विचार मनात आला नव्हता."

चित्रात जे नाही तेही मी सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय ही खोली समजत नाही. तो महमूदिया कालवा पाशाने 1817 ते 1820 मध्ये वेठीला धरलेल्या शेतकऱ्यांकडून खणून घेतला आणि त्यात हजारो माणसं मेली. ती खिडकीतून दिसत नाहीत. पाशाचं वैभवही त्या बैठकीनंतर फार टिकलं नाही. सहा आठवड्यांनी, 24 जूनला, त्याच्या सैन्याने निझिपला तुर्की सैन्याचा पराभव केला. पण पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि इतर सत्तांनी मिळून त्याला सीरियातून मागे रेटलं. हे चित्र ज्या खंडात आहे त्यावर साल 1849 आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाशा वारला, आणि पुढच्या जानेवारीत वॅगहॉर्नही गेला. वर्गणीदारांच्या हाती पडलं तेव्हा ते दहा वर्षं जुन्या भेटीचं चित्र होतं.

तर धुवायचं का? मी नाही म्हणाले, आणि काकांना नीट कारण दिलं. डागांमध्ये जिथे रंग आत शिरला आहे तिथून तो पूर्ण निघणार नाही, निळे ढग राहतील. पाण्यात बुडवल्यावर दगडाची शाई टिकेल, पण खळ मेलेला कागद दुबळा होईल. एका जागी टोकदार बोळ्याने ओलावा लावून पाहिला, रंग अर्धवट सुटला आणि कडेला रेघ धरू लागला, तिथेच थांबले. दुसरं कारण मनातलं. तो रंग खोटा नाही, फक्त त्याची तारीख खोटी सांगितली गेली. विसाव्या शतकातल्या कुणीतरी पूर्वेकडे कसं पाहिलं, त्याची ती नोंद आहे, आणि सदतीस-अडतीस वर्षं काकांनी तीच पाहिली आहे. ती पुसण्याचा हक्क मला वाटत नाही.

केलं ते एवढंच: मागचा हार्डबोर्ड काढला, कोरड्या स्पंजाने धूळ उचलली, कडेची एक चीर जपानी कागदाने आणि गव्हाच्या खळीने सांधली. आम्लरहित माउंट लावलं. त्याची खिडकी मुद्दाम मोठी कापली, चित्राच्या चारही कडा, ती न रंगवलेली पट्टी, जळकी रेघ आणि खालचा समास दिसेल अशी. काका आधी नाखूश होते. "तो डाग दिसतो की," म्हणाले. मी म्हटलं, "दिसू द्या. नातीने विचारलं तर तुम्हाला बोट ठेवून दाखवता येईल." अतिनील अडवणारी काच बसवली. त्यांचं घर खाडीजवळ, पावसाळ्यात भिंती घाम धरतात, म्हणून बाहेरची भिंत आणि बाल्कनीसमोरची जागा दोन्ही नको म्हणून सांगितलं. जलरंगाला पन्नास लक्स उजेड पुरे, म्हणजे आपल्या घरात दिवसा दिवा न लावता आतल्या बोळात असतो तितका.

दुकानदाराची चिठ्ठी फेकली नाही. पारदर्शक पाकिटात घालून मागच्या बाजूला ठेवली, आणि शेजारी माझी चिठ्ठी लावली: छपाई लंडन, 1840 चं दशक, दगडावर लुई हाग, रंग 1920 नंतरचे. काकांनी ती दोनदा वाचली, खिशातून पेन काढलं आणि परवानगी न विचारता खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली: "पाहुण्यांत वॅगहॉर्न आहे. मुंबईची डाक याच्या मार्गाने."

चित्र आता त्यांच्या आतल्या बोळात, देवघराच्या पलीकडे लागलं आहे. नात पुढच्या महिन्यात नेणार आहे.